आवाज बाईचा, बटण कुणाच्या हातात?

आषाढी एकादशीला आमच्या सोसायटीत महिला भजनी मंडळाचा कार्यक्रम असतो. बारा-तेरा बायका, एक पेटी, एक ढोलकी, टाळ, आणि भाड्याने आणलेला साउंडवाला. दोन वर्षांपूर्वी पहिला अभंग सुरू झाला आणि दुसऱ्याच ओळीला साउंडवाल्या पोराने तोंड वाकडं केलं. "काकू, आवाज टोचतोय हो. ट्रेबल कमी करतो." त्याने एक बटण डावीकडे फिरवलं. टोचणं थांबलं, पण मागच्या खुर्च्यांवरून लगेच आरोळी आली, "शब्द कळत नाहीत!" सावळा विठ्ठल मागपर्यंत पोचेतो आवळा विठ्ठल झाला होता. चहाच्या वेळी एक काका मायेनेच म्हणाले, "बायकांच्या भजनाचं असंच असतं. चाल छान, शब्द कळत नाहीत."

त्या बटणाकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. माझंही नाही. पुढे कामासाठी आवाजाच्या तंत्राबद्दल वाचायची वेळ आली, तेव्हा कळलं की आमच्या पार्किंगमध्ये पाच मिनिटांत जे घडलं तेच रेडिओच्या इतिहासात जवळपास शंभर वर्षं घडत आलंय. ते बटण स्वतःच्या हातात घ्यायचं म्हणून काही बायकांनी काय काय केलं, त्याची ही गोष्ट आहे. स्त्रीवादी कम्युनिटी रेडिओ (म्हणजे लोकांनी आपल्या भागासाठी स्वतः चालवलेलं छोटं स्टेशन), साउंड आर्ट वगैरे शब्द ऐकून दचकू नका. सुरुवात पेटीपासूनच करू.

पेटीवर बायका साधारण काळी चार-काळी पाचला गातात, पुरुष पांढरी एक-काळी दोनच्या आसपास. बोलतानाही तोच फरक असतो. पुरुषाच्या गळ्यातले पडदे सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा थरथरतात, बाईचे २००च्या आसपास. सेकंदाला एक थरथर म्हणजे एक हर्ट्झ. हा झाला आवाजाचा पाया. पण नुसत्या पायावर शब्द उभा राहत नाही. गळ्यातून निघालेला सूर तोंडाच्या पोकळीत घुमतो आणि त्यातून आ, ई, ऊ तयार होतात. वर दात, जीभ, टाळू यांच्यामधून हवा घासून जाते तेव्हा स, श, च उमटतात. ही घासणारी व्यंजनं फार वरच्या मजल्यावर राहतात, चार हजार, सहा हजार, आठ हजार हर्ट्झ, कधी त्याच्याही वर. बाईच्या गळ्यापासून ओठांपर्यंतची नळी पुरुषापेक्षा आखूड, म्हणून तिची व्यंजनं आणखी थोडी वर.

ट्रेबलचं बटण नेमका हाच वरचा मजला कापतं. सूर खालच्या मजल्यावर असतो, तो शाबूत राहतो. ‘सावळा’मधला स मात्र उडतो आणि आवळा उरतो. पुरुष गात असता तर त्याचंही नुकसान झालंच असतं, पण थोडं कमी. एकाच कात्रीने दोघांचे केस कापले तरी ज्याचे लांब त्याचे जास्त जातात.

आता १९२०च्या दशकातल्या अमेरिकेत जाऊ. रेडिओ स्टेशनं भराभर निघत होती आणि हवेत गर्दी झाली होती. प्रत्येकाला जागा मिळावी म्हणून स्टेशनांमध्ये १०,००० हर्ट्झचं अंतर ठरलं. मीडियम वेव्हच्या पद्धतीत आवाज दोन्ही अंगांना सारखाच पसरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आवाजाच्या वाट्याला उरले अर्धे, म्हणजे ५,०००. त्याच्या वरचं सगळं छाटलं जायचं. टेलिफोन त्याहून कंजूष. तिथे ढोबळमानाने ३०० ते ३,४०० हर्ट्झचाच रस्ता. हे आकडे ठरवताना कुणी बसून बायकांविरुद्ध कट केला असं नाही. पण ‘नीट ऐकू येणं’ म्हणजे काय याचा हिशेब पुरुषाच्या आवाजावर जमला होता आणि कुणाला तो पुन्हा मांडावासा वाटला नाही.

श्रोते तक्रार करू लागले की बायका बोलल्या तर कळत नाही, कानाला टोचतं. त्या वेळी अमेरिकेतली आवाजाच्या संशोधनातली सगळ्यात मोठी जागा म्हणजे बेल लॅब्ज. तिथल्या जे. सी. स्टाइनबर्ग या संशोधकाने १९२७ साली एक छोटा लेख लिहिला. त्याचं शीर्षक होतं ‘बायकांना समजून घेताना’! बाईचं बोलणं समजायला जड जातं याचं कारण त्यांनी तिच्या आवाजाच्या घडणीत आणि ऐकणाऱ्याच्या कानात शोधलं. शेवटी तर असा सूर लावला की निसर्गानेच बाईचा आवाज मृदू, हळू बोलण्यासाठी घडवलाय. आपल्याकडे हाच शोध प्रत्येक घरात प्रयोगशाळेशिवाय लागलेला आहे: हळू बोल गं, शेजारी ऐकतात.

इंग्लंडमध्ये बीबीसीने १९३३च्या जुलैत शीला बोरेट यांना निवेदिका म्हणून घेतलं. तीनेक महिन्यांत त्यांना त्या कामावरून काढलं. कारण, श्रोत्यांच्या तक्रारी. गंमत म्हणजे, किंवा गंमत नव्हे, तक्रारींची पत्रं बहुतेक बायकांचीच होती. माझ्या मते यात बायकांचं बायकांशी वैर वगैरे काही नाही. छाटलेला आवाज बायकांच्याही कानाला टोचणारच.

याच्या उलटही एक गोष्ट आहे. एमपीथ्री हा प्रकार जर्मनीत तयार होत होता तेव्हाची. एमपीथ्री म्हणजे गाण्यातलं जे कानाला जाणवणार नाही ते टाकून देऊन फाइल छोटी करणं. कार्लहाइन्झ ब्रांडेनबर्ग हे त्यातले एक प्रमुख अभियंते. सुझान वेगा या गायिकेचं साथसंगतीशिवाय गायलेलं एक गाणं त्यांनी चाचणीला घेतलं. वाद्यांची गाणी निभावून जात होती, पण हा एकटा बाईचा आवाज भयंकर फाटला. त्यावर ब्रांडेनबर्ग बाईचा आवाजच अवघड असं म्हणून थांबले नाहीत. त्यांनी गणित बदललं, पुन्हा तेच गाणं लावलं, पुन्हा बदललं. दोष यंत्रात शोधायचा की गळ्यात, हा शेवटी बटणापाशी बसलेल्या माणसाचा निर्णय असतो.

म्हणून प्रश्न नुसता बाईचा आवाज रेडिओवर आहे की नाही एवढाच नाही. गाणारी, निवेदन करणारी, नाटकात रडणारी बाई रेडिओला पहिल्यापासून हवीच होती. स्टुडिओच्या काचेच्या पलीकडे, जिथे आवाज कमी-जास्त करून एकत्र करणारा मिक्सर असतो, टेपा असतात, वायरी असतात, तिथे ती नको होती. डेलिया डर्बीशायरला हे तोंडावर ऐकायला मिळालं. कॉव्हेंट्रीची मुलगी, केंब्रिजमधून गणित आणि संगीत शिकलेली. १९५९ साली ती एका नामांकित रेकॉर्ड कंपनीत नोकरी मागायला गेली, तेव्हा उत्तर मिळालं की आम्ही रेकॉर्डिंग स्टुडिओत बायका घेत नाही. पुढच्या वर्षी ती बीबीसीत लागली आणि १९६२ला तिने हट्टाने रेडिओफोनिक वर्कशॉप हा कार्यक्रमांसाठी नवे आवाज आणि संगीत बनवणारा विभाग मागून घेतला.

तिथे तिने केलेलं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे १९६३च्या ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या टीव्ही मालिकेचं शीर्षकसंगीत. ते कसं झालं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. सिंथेसायझर नव्हता, कॉम्प्युटर तर नाहीच. खर्जासाठी एक ताणलेली तार छेडून तिचा ‘टंग्’ असा आवाज टेपवर घ्यायचा. टेप जलद चालवली की तो सूर चढतो, हळू चालवली की उतरतो. असे हवे ते सूर वेगवेगळ्या टेपांवर घ्यायचे. मग पट्टी लावून मोजायचं. टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर पळते, तर अर्ध्या सेकंदाचा सूर म्हणजे १९ सेंटिमीटरचा तुकडा. ब्लेडने कापायचा, पुढच्या सुराला चिकटपट्टीने जोडायचा. ब्लाउज बेतताना कापड जसं इंचाइंचाने हिशेबात धरतात, तसं गाणं कापून शिवायचं. अशी एक टेप खर्जाची, एक मुख्य चालीची, एक नुसत्या हवेसारख्या सुसाट्याची. त्या वेगवेगळ्या यंत्रांवर एकदम सुरू करायच्या, एक, दोन, तीन म्हणून. एकदा कुठेतरी एक सूर चुकलेला ऐकू येत होता पण सापडत नव्हता. मग डेलिया आणि तिचे सहकारी डिक मिल्स यांनी टेपा सरळ स्टुडिओबाहेरच्या लांबलचक बोळात जमिनीवर शेजारी शेजारी पसरल्या आणि कुठला जोड पुढेमागे आहे ते डोळ्यांनी पाहिलं.

मूळ चाल रॉन ग्रेनर यांची. तयार झालेलं ऐकून ते चकित झाले, म्हणाले, हे मी लिहिलंय का? डेलिया म्हणाली, बरंचसं. त्यांनी तिचं नाव सहसंगीतकार म्हणून लावायची खटपट केली, पण बीबीसीच्या नियमात बसेना. कर्मचाऱ्याचं नाव नाही, विभागाचं नाव जाईल. पडद्यावर तिचं नाव यायला २०१३ उजाडलं, म्हणजे मालिकेला पन्नास वर्षं झाली तेव्हा. ती २००१मध्येच गेली होती. तिच्या घराच्या माळ्यावर २६७ टेपा निघाल्या.

त्या विभागाची सुरुवात करून देणाऱ्यांतही एक बाईच होती, डॅफ्नी ओरॅम. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अठराव्या वर्षी बीबीसीत तंत्रज्ञ म्हणून लागली. रात्री सगळे घरी गेले की वेगवेगळ्या स्टुडिओंतली टेपयंत्रं ओढत एका खोलीत आणायची, पहाटेपर्यंत प्रयोग करायची आणि सकाळी सगळं जागच्या जागी. वर्षानुवर्षं मागे लागून १९५८ला विभाग मिळाला आणि वर्षभरातच तिने तो सोडला, कारण तिला नाटकांसाठी दाराची करकर पुरवायची नव्हती, संगीत करायचं होतं. केंटमधल्या एका जुन्या गोल इमारतीत राहून तिने स्वतःचं यंत्र बांधलं. सिनेमाच्या ३५ मिलिमीटरच्या पारदर्शक फितींवर रंगाने आकार काढायचे, त्यांच्यातून प्रकाश जाऊन त्याचा आवाज होतो. रांगोळी काढायची आणि ती ऐकायची, असं म्हणा ना.

बेल लॅब्जचं नाव वर आलंच आहे, तर तिथलाही पुढचा अंक सांगून टाकते. १९७०च्या दशकात लॉरी स्पीगल नावाची संगीतकार त्याच बेल लॅब्जमध्ये भल्यामोठ्या कॉम्प्युटरवर संगीत करत होती. केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने १६१९ साली ग्रहांच्या गतीतून सुरांची गणितं मांडली होती. तिने ती कॉम्प्युटरला घालून प्रत्यक्ष ऐकवली. १९७७ला नासाने व्हॉयेजर या अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तीत पृथ्वीवरचे आवाज या भागाच्या सुरुवातीला हे काम आहे. आणि त्याच तबकडीवर संगीताच्या भागात आपल्या गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर आहेत, भैरवीतल्या ‘जात कहां हो’सह. ज्या संस्थेतून बाईचं बोलणं कळत नाही असा निर्वाळा निघाला होता, तिथे काम करणाऱ्या बाईचे सूर आणि फोंड्याजवळच्या गावच्या बाईचा गळा, दोन्ही एका तबकडीवर सूर्यमालेबाहेर गेले. व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबरला उडालं. केसरबाई १६ सप्टेंबरला वारल्या.

भारतात तर ध्वनिमुद्रणाचा पायाच बायकांनी घातला. नोव्हेंबर १९०२मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांनी भोंग्यात तोंड घालून तीन मिनिटांत खयाल बसवला आणि शेवटी मोठ्याने इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं. तबकड्या जर्मनीत हॅनोवरला छापल्या जायच्या, तिथल्या कामगारांना लेबल लावताना नाव कळावं म्हणून. अनेक नावाजलेले उस्ताद तेव्हा यंत्राला हात लावायला कचरत होते. बायका पुढे झाल्या. आणि ज्यांच्या आवाजावर हा धंदा उभा राहिला त्यांच्यातल्या कित्येकींना आकाशवाणीने नंतर दार लावलं. १९४६ साली सरदार पटेल नभोवाणी खात्याचे मंत्री झाल्यावर असा दंडक आला की ज्यांचं खाजगी आयुष्य लोकांत बदनाम आहे अशांना गायला बोलावू नये. बदनाम कोण हे कुणी ठरवायचं, ते वेगळं सांगायला नको. कलावंतीण, तवायफ या शब्दांचा वास आला तरी पुरे.

आता साउंड आर्टकडे येऊ, कारण या शब्दाने माणसं उगीच घाबरतात. चित्रकाराला रंग, कुंभाराला माती, तसा इथे आवाज हाच माल. चाल असलीच पाहिजे असं नाही, शब्द असलेच पाहिजेत असं नाही. कुकरच्या शिट्ट्या, एसटी स्टँडवरचा भोंगा, पावसाआधीचा पत्र्यावरचा वारा, हे सगळं चालतं. अट एकच, की ऐकणाऱ्याने ऐकण्याकडे लक्ष द्यावं. गोलघुमटात जाऊन टाळी वाजवणाऱ्या प्रत्येक मुलाने ही कला केलेली आहे. पॉलिन ऑलिव्हेरोस या अमेरिकन बाईने तेच केलं, फक्त पुढे नेऊन. १९८८ला ती अकॉर्डियन (गळ्यात अडकवून वाजवायची पेटी) घेऊन दोन साथीदारांसह जमिनीखालच्या एका रिकाम्या पाण्याच्या टाकीत उतरली. तिथे एक सूर सोडला की तो ४५ सेकंद घुमत राहायचा. टाकीच चौथी वादक झाली.

कम्युनिटी रेडिओ, बाई आणि आवाजाची कला, हे तिन्ही एकत्र बघायचे तर मी कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या हिल्डगार्ड वेस्टरकँपचं नाव घेईन. जर्मनीत जन्मलेली, १९६८ला कॅनडात आलेली. व्हँकुव्हर को-ऑपरेटिव्ह रेडिओ हे श्रोत्यांच्या सहकारी मालकीचं स्टेशन १९७५ला सुरू झालं. आपल्याकडे दूधसंघ असतो तसा रेडिओसंघ समजा. तिथे १९७८-७९मध्ये तिने ‘साउंडवॉकिंग’ नावाचा कार्यक्रम केला. रेकॉर्डर गळ्यात अडकवून शहरात फिरायचं, जे ऐकू येईल ते घ्यायचं, आणि लोकांना त्यांचंच शहर ऐकवायचं. व्यापारी स्टेशनवर असा कार्यक्रम एक आठवडाही टिकला नसता. तासभर नुसती पावलं आणि रस्ता कोण ऐकणार? पण सहकारी रेडिओला जाहिरातदाराची भीती नव्हती.

पुढे १९८९ला तिने किट्स बीच या किनाऱ्यावरचं एक ध्वनिचित्र केलं. जानेवारीची शांत सकाळ आहे, खडकांवर चिकटलेल्या बारीक शिंपल्यांसारख्या जिवांची टिकटिक चालू आहे, आणि मागे शहराची घरघर. ती हळू आवाजात बोलत असते. बोलता बोलता सांगते, की इथला आवाज एवढा मोठा आहे असं म्हणून मी तुम्हाला फसवू शकते. आणि आपल्या कानात शहर एकदम मोठं होतं! ती फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती खुंटी, वर सरकवते आहे, आपल्यासमोर. मग म्हणते, आपल्याकडे फिल्टर आहेत म्हणून बरं, स्टुडिओत जाऊन शहर पुसून टाकता येतं. आणि शहर खरंच नाहीसं होतं, उरते ती बारीक टिकटिक.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते फार साधं वाटलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर आमचा साउंडवाला आठवला. त्यानेही तेच केलं होतं, फक्त न सांगता. रेडिओवर जे जे ऐकू येतं ते कुणीतरी कमी-जास्त केलेलं असतं, आणि ते करणारा हात नेहमी लपलेला असतो. वेस्टरकँप तो हात उघडा करते. यात मला स्त्रीवाद दिसतो, आणि घोषणांपेक्षा जास्त दिसतो.

ती भारतातही येऊन गेली. १९९२ला दिल्लीच्या मॅक्स म्युलर भवनात तिची कार्यशाळा झाली आणि पुढे इथल्या आवाजांवर तिने अनेक रचना केल्या. पण आपल्या मुलखात या कामासाठी परदेशी बाईची वाट कुणी बघत नव्हतं. हेमा राइरकर आणि गी पॉइतवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाहून जास्त. त्यांतल्या कित्येक पुढे ध्वनिमुद्रितही झाल्या. त्या ध्वनिफिती ऐकताना ओवीइतकंच मी जातं ऐकते. खुंटा पुढे गेला की बाईचा श्वास तुटतो, तिथे ओळ मोडते. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा पीठ लवकर मिळायला लागलं, हात सुटले, ते चांगलंच झालं. पण पट्ट्याच्या फटफटीत गाता येत नाही.

आता कायद्याची बाजू थोडक्यात, कारण ती कंटाळवाणी असली तरी तिच्याशिवाय हवा मिळत नाही. १९९५ सालापर्यंत भारतात आकाशातल्या लहरी म्हणजे सरकारचाच मामला होता. मग क्रिकेटच्या सामन्यांचं प्रक्षेपण कुणी करायचं यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९९५मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालाने सांगितलं, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. भांडण क्रिकेटचं, फायदा पुढे शेतमजूर बायकांचा. तरी सरकारला घाई नव्हती. २००२ला फक्त शिक्षणसंस्थांना रेडिओची परवानगी मिळाली, स्वयंसेवी संस्थांना मिळायला २००६ची अखेर आली.

कम्युनिटी रेडिओ हे छोटंच प्रकरण असतं. ट्रान्समीटर साधारण ५० वॉटचा (छताचा जुना पंखासुद्धा सत्तर-पंचाहत्तर वॉट खातो), मनोरा जास्तीत जास्त ३० मीटर, आणि आवाज पोचणार दहा-पंधरा किलोमीटर, मध्ये डोंगर नसला तर. स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, आकाशवाणीच्याच पुन्हा ऐकवायच्या. हा नियम मला आजवर पटलेला नाही. गावात पाणी कधी सोडणार हे सांगता येतं, पण सरपंचाने पैसे कुठे घातले हे सांगितलं की ती बातमी होते. एक गोष्ट मात्र नकळत चांगली झाली. हे सगळं एफएमवर आहे, आणि एफएमवर आवाज १५,००० हर्ट्झपर्यंत जातो. सावळा सावळाच राहतो.

सोलापूरहून हैदराबादला जाताना जहीराबाद लागतं. तिथून जवळच्या माचनूर गावात १५ ऑक्टोबर २००८ला संघम रेडिओ सुरू झाला, ९०.४ मेगाहर्ट्झवर. स्वयंसेवी संस्थेने चालवलेलं हे देशातलं पहिलं परवानाधारक कम्युनिटी रेडिओ स्टेशन, आणि उद्घाटनाला आले होते तेच न्यायमूर्ती सावंत. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या गावोगावच्या महिला संघांचा हा रेडिओ. बहुतेक बायका दलित, कोरडवाहू तुकड्यावर ज्वारी-बाजरी-राळं पिकवणाऱ्या. स्टुडिओ युनेस्कोच्या मदतीने आधीच बांधला होता. परवाना मिळेपर्यंतची जवळपास दहा वर्षं त्या कार्यक्रम टेपवर करून संघांच्या बैठकीत वाजवत राहिल्या. म्हणजे रेडिओ होता, फक्त हवा नव्हती. स्टेशन सांभाळणाऱ्या दोघींचंही नाव नरसम्मा, एक जनरल नरसम्मा आणि दुसरी अल्गोल नरसम्मा. मुलाखत घेणं, मिक्सरवर बसणं, कार्यक्रम कापून जोडणं, सगळं त्याच करतात. भाषा पुस्तकी तेलुगू नाही, त्यांच्या भागातली.

या संस्थेतल्या बायका व्हिडिओही करतात आणि त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. कॅमेरा शिकताना त्यांनी इंग्रजी नावं बाजूला ठेवली. वरून खाली बघणारा शॉट म्हणजे पटेल शॉट. पटेल म्हणजे आपला पाटील, तो गढीवरून खाली बघतो. खालून वर बघणारा तो गुलामाचा शॉट. आणि समोरासमोर, डोळ्याला डोळा, तो संघम शॉट, कारण संघाच्या बैठकीत सगळ्या जमिनीवर गोल बसतात. यंत्र तटस्थ नसतं हे सांगायला विद्यापीठात चाळीस पानं लागतात. इथे तीन नावांत झालं.

आपल्याकडे साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, तीही २००८चीच, तीही ९०.४वर. चेतना गाला सिन्हा यांनी १९९७ला उभ्या केलेल्या महिला बँकेच्या कामातून निघालेली. दुष्काळी माण तालुका, मेंढरं, बाजार, कर्जाचे हप्ते, गजीनृत्याचा ढोल, हे सगळं तिथल्या आवाजात आहे.

पण बायका चालवतात म्हणून रेडिओ आपोआप स्त्रीवादी होतो का? नाही. १९५५ला अमेरिकेतल्या मेंफिस शहरात डब्ल्यूएचईआर नावाचं स्टेशन निघालं. निवेदन, जाहिराती, मिक्सर, सगळीकडे बायका. मालक मात्र पुरुष, आणि स्टेशनचं ब्रीद होतं ‘हजार सुंदर वॉट’. बायकांना काम मिळालं, हात सरावले, हे कमी नाही. पण कल्पना नवलाईची होती. ओस्लोचं रेडिओराकेल १९८२ला बायकांनी स्वतः सुरू केलं आणि तिथे एक रोखठोक नियम केला, वाजणाऱ्या संगीतातलं निम्मं तरी बायकांचं हवं. पहिल्यांदा ऐकताना हे आरक्षण वाटतं. करून बघा. तुमच्या फोनमधली गाणी काढा आणि संगीतकार, वादक, रेकॉर्डिस्ट म्हणून किती बायकांची नावं निघतात ते मोजा. गायिका सोडून. मी मोजली, आणि गप्प बसले. भारतातही २०२४च्या सुधारित नियमांत कम्युनिटी रेडिओच्या सल्लागार व कार्यक्रम समितीत निम्म्या तरी बायका हव्यात असं आलंय. समितीत, हं. मिक्सरवर कोण बसणार ते अजून स्टेशनवर सोडलेलं आहे.

आमच्या भजनी मंडळाचं पुढे काय झालं ते सांगते. तळमजल्यावरच्या एका काकूंच्या भाच्याकडे सहा चॅनलचा छोटा मिक्सर पडून होता. काकूंनी तो आणवला आणि आठवडाभर दुपारी घरात लावून खेळत बसल्या. त्यांना जे कळलं ते असं. टोचत होतं ते सगळं ट्रेबल नव्हतंच. भोंग्याच्या स्पीकरचा स्वभावच असा, की दोन ते चार हजार हर्ट्झच्या मधला एक पट्टा तो उगीच मोठा करतो. तेवढाच थोडा खाली घ्यायचा आणि वरचं सोडून द्यायचं. दुसरं, चौघींत एक माइक दिला की प्रत्येक जण त्यात तोंड घालते. माइक चार बोटं लांब धरला की निम्मं टोचणं तिथेच जातं. आणि इको पूर्ण बंद.

गेल्या आषाढीला साउंडवाला आला तेव्हा काकू आधीच मिक्सरशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. "तू स्पीकर लाव बाळा," त्या म्हणाल्या, "हे मी बघते."